कोरियात बाऊल टेबलावर, जपानमध्ये हातात, मग सूप प्यायचं तरी कसं?

पत्र:
ताई, मी २७ वर्षांची आहे, चिंचवडला राहते, एका कोरियन कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. कॉलेजात असताना जपानी शिकले, त्या भाषेच्या परीक्षेची एन थ्री लेव्हल पास आहे. क्लासमध्ये आमच्या मॅडमनी शिकवलं होतं की सूपचा बाऊल दोन्ही हातांनी उचलायचा आणि तोंडाला लावायचा. मागच्या महिन्यात कोरियन सरांनी टीमला जेवायला नेलं तेव्हा मी अगदी आठवणीने तसंच केलं. समोर बसलेल्या सगळ्यात सिनियर सरांनी काही न बोलता माझा चमचा माझ्याकडे सरकवला. नंतर एका कलीगने सांगितलं की असं करणं तिकडे फार वाईट दिसतं. त्या रात्री झोपच लागली नाही. आता जानेवारीत तीन आठवडे कोरियाला ट्रेनिंग आहे आणि तिथून चार दिवस जपानमध्ये नागोयाला सप्लायरकडे जायचंय. एकदा नीट सांगा, बाऊल उचलायचा की नाही, भुरका मारायचा की नाही, संपवायचं की उरवायचं. आणि मी चिकन-मासे खाते पण बीफ-पोर्क खात नाही, तर सूपात काय आहे हे कसं कळणार?
गोंधळलेली, चिंचवड

उत्तर:

अगं, आधी त्या चमच्याचं बोलूया, कारण तुझं सगळं पत्र त्या चमच्याभोवतीच फिरतंय. तुझ्या सरांनी तुला चारचौघांत टोकलं नाही, तोंडही वाकडं केलं नाही, फक्त हवी ती वस्तू तुझ्या हाताशी आणून ठेवली, हे वाचून मला खूप बरं वाटलं. आपल्याकडे एखादा परदेशी पाहुणा डाव्या हाताने पोळी तोडायला लागला की घरातली आजी गुपचूप त्याची वाटी उजव्या हाताकडे सरकवते, तिच्या मनात तेव्हा काय असतं, तर पोराला नीट जेवता येऊ दे एवढंच असतं. तुझ्या सरांच्या मनातही तेच असणार. माफीबिफी मागायला जाऊ नकोस, पुढच्या वेळी त्यांच्यासमोर चमच्याने सूप पी, त्यांना सगळं कळेल.

आणि तुझ्या मॅडमनी शिकवलेलं अजिबात चुकीचं नाहीये. नियम जपानचा होता आणि टेबल कोरियाचं, एवढंच झालं. आपल्याकडे "तिकडचे सगळे काड्यांनी, चॉपस्टिक्सनी खातात" म्हणून चीन, जपान, कोरिया सगळं एकाच डब्यात भरून टाकतात, आणि इंटरनेटवर तर "एशियन टेबल मॅनर्स" म्हणून एकच यादी सगळीकडे फिरत असते, ती वाचून गेलं की माणूस हमखास फसतो. सूपच्या बाबतीत हे तिघे इतके वेगळे आहेत की एकाकडे जो शिष्टाचार तोच दुसऱ्याकडे असभ्यपणा. जपानमध्ये बाऊल टेबलावर ठेवून, मान खाली घालून खाल्लं तर त्याला इनुगुई म्हणतात, म्हणजे कुत्र्यासारखं खाणं, आणि कोरियात नेमकं तेच बाऊल उचललं की मोठी माणसं अस्वस्थ होतात. मग लक्षात कसं ठेवायचं? मी स्वतः एक गोष्ट बघते, बाऊल कशाचा आहे आणि त्याच्यासोबत चमचा ठेवलाय का. भांडं बघितलं की निम्मे नियम आपोआप कळतात, खरंच सांगते.

आता कोरिया, कारण तिथे तू तीन आठवडे असणार आहेस.

कोरियन टेबलावर लांब दांड्याचा चमचा आणि काड्या अशी जोडी असते, तिला सुजॉ म्हणतात, आणि ही जोडी फार जुनी आहे. गोंगजू गावात १९७१ मध्ये बेकजे राज्याचा राजा मुर्योंग, जो ५२३ मध्ये वारला, त्याची कबर सापडली, तिच्यात सुद्धा काशाचे चमचे आणि काड्या निघाल्या. म्हणजे दीड हजार वर्षं तरी चमचा तिथे ताटाशेजारी आहे, आणि म्हणून सूपच काय, भात पण चमच्यानेच खायचा, काड्या फक्त बाकीच्या पदार्थांसाठी, ते जे छोट्या छोट्या बशांमधून येतात ना, किमची, पालक, मुळा वगैरे, त्यांच्यासाठी. भात डावीकडे, सूप उजवीकडे, त्याच्या उजव्या बाजूला चमचा आणि त्याच्याही पलीकडे काड्या. आपल्या पानात नाही का मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे, आणि कोणी उलट वाढलं की आजी लगेच ओरडते, तसंच तिथे आहे, भात-सूपची जागा तू आपणहून बदलू नकोस.

भांडी जुन्या घरांत पितळ-काशाची, जड, आणि आता हॉटेलांत बहुतेक स्टीलची किंवा काळ्या मातीची असतात, त्या मातीच्या भांड्यात तर सूप टेबलावर आल्यावरही रटरटत असतं. असलं भांडं उचलणार कसं, बोटं भाजतील! म्हणून बाऊल टेबलावरच, चमचा तोंडाशी आणायचा, पाठ शक्य तितकी सरळ. एकाच हातात चमचा आणि काड्या दोन्ही धरायच्या नाहीत, हे आपल्याला सुचतं कारण हात मोकळा ठेवायची सवय असते, पण तिथे ते अगदी अडाणीपणाचं दिसतं. चमच्याने खायचं, तो ठेवायचा, मग काड्या घ्यायच्या. घरात किंवा मित्रांमध्ये शेवटचा घोट बाऊल उचलून पिणारे लोक तुला नक्की दिसतील, विशेषतः तरुण मुलं, पण तू सरांबरोबर आहेस, तू नको करू.

पण बाऊलपेक्षाही जास्त महत्त्वाचं एक सांगू? टेबलावरचा सगळ्यात मोठा माणूस चमचा उचलेपर्यंत तू चमच्याला हात लावायचा नाही. हा एक नियम पाळलास ना तर बाकीच्या दहा चुका कोणी बघणार नाही. सूप समोर आलंय, वाफा निघतायत, जानेवारीतली सोलची थंडी, पोटात कावळे ओरडतायत, तरी थांबायचं. मग "जाल मॉक्केस्सुम्निदा" म्हणायचं, म्हणजे मी छान जेवेन, आणि सुरुवात सूपच्या एका चमच्याने करायची, तोंड ओलं होतं आणि मग भात. आणि संपवताना पण मोठ्यांकडे लक्ष ठेवायचं, तुझं आधी संपलं तर चमचा लगेच टेबलावर ठेवायचा नाही, सूपच्या बाऊलमध्येच राहू द्यायचा, त्यांचं झालं की मग खाली ठेवायचा. आता सगळी तरुण मंडळी हे पाळतात असं नाही, पण ज्या मुलीने हे पाळलं तिच्याकडे त्या पिढीची माणसं फार कौतुकाने बघतात, कारण आपल्या पंगतीत जसं सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही तसंच हे आहे, जेवण एकत्र सुरू करायचं आणि एकत्र संपवायचं.

भातात चमचा उभा रोवून ठेवू नकोस. तिथे पूर्वजांच्या विधीत, त्याला जेसा म्हणतात, भातात चमचा उभा करतात, म्हणजे गेलेल्या माणसाने जेवावं म्हणून. जपानमध्ये मृताजवळ ठेवलेल्या भातात काड्या उभ्या करतात. श्राद्धाच्या पानाची रीत आपण एरवीच्या पानाला लावत नाही ना, मग हे तुला वेगळं समजावायला नकोच.

एक गोष्ट मात्र तुला जड जाईल, मला पण गेली होती. ज्जिगे म्हणजे घट्ट रस्सा, तो पूर्वीपासून टेबलाच्या मधोमध एकाच भांड्यात येतो आणि सगळे आपापला चमचा त्यातच घालतात. आपण उष्ट्याच्या बाबतीत किती कडक, एकमेकांच्या पेल्याला तोंड लावत नाही, आणि इथे सात जणांचे चमचे एका भांड्यात! त्यांच्यासाठी ती जवळीक असते, एका भांड्यातून जेवलो म्हणजे आपण एक झालो असं. तरी आता बऱ्याच ठिकाणी, आणि कोविडनंतर तर जास्तच, पळी आणि छोट्या वाट्या देतात. दिल्या नसतील तर "आपजॉप्सी जुसेयो" म्हण, म्हणजे वाढून घ्यायला वेगळी छोटी बशी द्या, कोणाला काही वाटत नाही. पळीने घेताना तळातून ढवळून चांगले तुकडे शोधायचे नाहीत, वरून जे येईल ते घ्यायचं, आधी मोठ्यांना वाढ आणि मग स्वतःला, तेवढ्यानेच सर खूश होतील बघ.

भुरक्याचं विचारलंयस. कोरियात सूपचा भुरका नको, चमचा बाऊलवर आपटून टणटण पण नको, मचमच पण नको. नूडल्स खाताना लोकांचा थोडा आवाज होतो पण तो कौतुकाचा विषय नाही. उलट तुला एक वेगळाच आवाज ऐकू येईल, कोणी वयस्कर माणूस उकळतं सूप घशाखाली उतरवेल आणि दमून "आ, सिवॉनहादा" म्हणेल. तू शब्दकोश उघडलास तर अर्थ दिसेल "गार आहे". गरम सूपला गार कसं म्हणतात म्हणून मी कितीतरी दिवस चक्रावले होते, मग कळलं की आतून मोकळं झालं, बरं वाटलं, असा तो अर्थ आहे. हा शब्द एकदा मनापासून म्हण, सगळं टेबल तुझ्याकडे वळून हसेल, आणि ते हसणं आनंदाचं असेल. आणि हो, तिखट-गरम सूपने नाक वाहणारच, पण टेबलावर नाक शिंकरायचं नाही, हळूच टिपायचं, फार झालं तर उठून बाहेर जायचं. खिशात टिश्यू असू दे.

भात सूपात घातला तर? कोरियात बिनधास्त घाल, गुकबाप नावाचा पदार्थच तो आहे, गुक म्हणजे सूप आणि बाप म्हणजे भात, आपला आमटी-भात म्हण ना. फक्त हीच सवय घेऊन नागोयाला जाऊ नकोस, कारण जपानमध्ये भातावर मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप, ओतलं की त्याला नेकोमाम्मा म्हणतात, मांजराचं जेवण. घरात एकटं असताना खूप जण खातात तसं, पण सप्लायरच्या माणसांबरोबर जेवताना नको.

तर आता जपान. तिथलं सूपचं भांडं लाकडाचं आणि त्याच्यावर लाखेचा लेप, हलकं, आतलं गरम बाहेर हाताला लागत नाही, खाली बसायला गोल कडा असते ती बोटांवर नीट बसते, म्हणजे ते भांडं हातात धरण्यासाठीच बनवलंय. चमचा नसतोच. म्हणून उचलायचं आणि प्यायचं. तुला हे माहीत आहे, पण क्लासमध्ये झाकण बहुतेक शिकवलेलं नसणार, आणि चांगल्या जेवणात सूप झाकण घालून येतं.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं ओसाकाला होते. पहिल्याच महिन्यात शेजारच्या आजींनी जेवायला बोलावलं, समोर काळा तुकतुकीत बाऊल, झाकण लावलेलं. मी झाकण उचलायला गेले तर ते हलेना, वाफेने आत चिकटून बसलेलं असतं ना, मी जोर लावला आणि झाकण एकदम सुटलं, सूप माझ्या मांडीवर आणि त्यांच्या तातामीवर. मी रडकुंडीला आले. आजींनी आधी माझा हात भाजला का ते बघितलं, मग चटई पुसली, मग आत जाऊन दुसरा बाऊल भरून आणला, झाकण लावून, आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, आता डाव्या हाताने बाऊलच्या दोन्ही बाजू थोड्या दाबा. मी दाबल्या, बारीक फुस्स झालं, हवा आत गेली आणि झाकण अलगद सुटलं. त्यांनी ते मला दोनदा करायला लावलं. आज पंधरा वर्षं झाली, असं झाकण समोर आलं की मला त्यांचा तो शांत आवाज ऐकू येतो, म्हणून तुला सांगते, चूक झाल्यावर मायेने शिकवणारी माणसं सगळीकडे असतात, तुझे सर त्यातलेच.

तर, बाजू दाबायच्या, उजव्या हाताने झाकण उचलायचं, क्षणभर बाऊलच्या वर तिरकं धरायचं म्हणजे त्याच्यावर जमलेलं पाणी बाऊलमध्येच गळेल, आणि मग उलटं करून उजव्या बाजूला ठेवायचं. जेवण झाल्यावर झाकण परत होतं तसं सुलटं लावायचं, खूप जण उलटं ठेवतात, का तर संपलंय हे कळावं म्हणून, पण ते बरोबर नाही, लाखेचा लेप खरचटतो. मग बाऊल आधी दोन्ही हातांनी उचलायचा, डाव्या तळव्यावर घ्यायचा, त्यानंतर उजव्या हाताने काड्या. दोन्ही एकदम उचलायचं नाही, हे सावकाश केलं की किती सुंदर दिसतं ते तू तिथल्या एखाद्या वयस्कर बाईकडे बघ. पहिल्यांदा एक घोट नुसत्या सूपचा, मग टोफूचा किंवा समुद्री शेवाळाचा तुकडा काड्यांनी, मग परत घोट. पिताना काड्यांची टोकं समोरच्या माणसाकडे रोखलेली नकोत, बाऊलच्या आत टेकवून ठेव, तुकडे पण त्यांनी अडतात. मिसो खाली बसतं म्हणून काड्यांनी हलकेच ढवळलं तर चालतं, गरागरा नाही. आणि तुकडा तोंडाशी नेताना खाली दुसरा तळहात धरायची आपली सवय, सांडू नये म्हणून, ती तिथे बरोबर समजत नाहीत, बाऊलच जवळ आणायचा, तेवढ्यासाठी तर तो हलका केलाय.

जपानमध्ये भुरका मारायचा की नाही, ह्याचं उत्तर नेटवर सरसकट "मारा, शेफ खूश होतो" असं देतात. अर्धवट आहे ते. भुरका नूडल्ससाठी आहे, सोबा, उदोन, रामेन. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, त्यांचा वास फार नाजूक असतो, हवेसकट ओढलं की तो वास मागून नाकात चढतो आणि गरम शेवई तोंडात जाताजाता गार होते, म्हणून ते जोरात ओढतात. पण जबरदस्ती नाही, २०१६ च्या सुमारास तर जपानमध्येच ह्यावरून वाद झाला, परदेशी लोकांना त्या आवाजाचा त्रास होतो का म्हणून "नू-हारा" असा शब्द पण निघाला, नूडल हॅरॅसमेंटचा शॉर्टफॉर्म. तुला जमत नसेल तर शांतपणे खा, कोणी काही म्हणणार नाही. मिसो सूप किंवा ते काचेसारखं स्वच्छ सुइमोनो सूप मात्र जोरात ओरपायचं नाही, गरम असलं तर हलकासा आवाज होतोच, तेवढा चालतो. आपल्याकडे सुद्धा कढीचा भुरका आजोबांनी मारला तर घर कौतुकाने बघतं आणि सासरी पहिल्या दिवशी नव्या सुनेने मारला तर कपाळाला आठ्या, म्हणजे कुठे आणि कोणासमोर हे आपल्याला लहानपणापासून कळतं, तिथे ते डोळे उघडे ठेवून शिकायचं.

रामेनसोबत मात्र चमचा येतो, चिनी मातीचा, रुंद, खोलगट. त्याचं पूर्ण नाव चिरिरेंगे, म्हणजे गळून पडलेली कमळाची पाकळी. मला जपानी भाषेतले जे थोडे शब्द फार आवडतात त्यातला हा एक, एकदा तो चमचा पाण्यावर तरंगतोय अशी कल्पना करून बघ.

चीनचं तू विचारलं नाहीस, तरी थोडं लिहिते, कारण तुझ्या फील्डमध्ये आज ना उद्या तिकडे जावं लागेलच. तिथे भाताची वाटी हातात उचलतात पण सूप चमच्याने पितात, मोठ्या भांड्यातून आपल्या छोट्या वाटीत वाढून घ्यायचं आणि मग आपल्या चमच्याने. वाढायची पळी वेगळी, खायचा चमचा वेगळा, २००३ च्या सार्स साथीनंतर आणि परत २०२० मध्ये ह्याचा सरकारने पण खूप प्रचार केला. भांड्यात काड्या घालून उलथापालथ करून आवडता तुकडा शोधणं, ह्याला ते लोक "थडगं उकरणं" म्हणतात, इतकं ते वाईट. ग्वांगदोंग आणि हाँगकाँगकडे, म्हणजे कॅन्टोनीज घरांत, मंद आचेवर तास-तास उकळलेलं सूप आधी पितात, उत्तरेकडे बऱ्याचदा ते शेवटी येतं. आणि शांघायचे ते रसाचे मोमो, श्याओलोंगबाओ, ते अख्खे तोंडात टाकायचे नाहीत, आत उकळता रस असतो, आधी चमच्यात ठेवायचा, कडेला छोटंसं भोक पाडायचं, रस ओढायचा, मग खायचा.

ह्या सगळ्याची मुळं किती जुनी आहेत सांगू? लीजी नावाचा चिनी शिष्टाचाराचा ग्रंथ आहे, हान राजवटीत त्याचं संकलन झालं, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. त्याच्यात जेवताना आवाज करू नका, सूप घटाघटा पिऊ नका, असं स्पष्ट दिलंय. सूपात भाजी असेल तर काड्या वापरा, नसेल तर नको. त्याच्यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे, पाहुण्याने समोरच्या सूपात वरून चव घालू नये, कारण त्याने तसं केलं की यजमानाला वाटतं आपल्याला नीट रांधता आलं नाही आणि तो बिचारा माफी मागतो. आपल्याकडे कोणी आमटीत वरून मीठ मागितलं की करणारीचा चेहरा कसा पडतो, आठवलं ना? आणि त्याच ग्रंथात भाताचे गोळे करू नका, सगळ्यांबरोबर भात खाताना हात चोळू नका असंही आहे, म्हणजे त्या काळी चीनमध्ये भात हातानेच खात होते. तुझी कलीग पुन्हा काही म्हणाली आणि तुला हाताने जेवणारी म्हणून कमीपणा वाटला, तर हे आठव.

संपवायचं की उरवायचं, हे तिघांकडे थोडक्यात. जपानमध्ये मिसो सूप संपवावं, भाताचा दाणाही ठेवू नये, रामेनचा रस्सा मात्र उरला तर चालतो, त्यात मीठ खूप असतं. कोरियात भात-सूप संपवलेलं आवडतं, आजूबाजूच्या बशा उरल्या तरी काही नाही. चीनमध्ये पूर्वी सगळं चाटूनपुसून संपवलं की यजमानाला वाटायचं कमी पडलं, पण आता अन्न वाया घालवू नका हा आग्रह वाढलाय, २०२१ मध्ये तर त्याचा कायदाच आला, त्यामुळे थोडं थोडं घेऊन संपवणं बरं.

आता बीफ-पोर्क. हे नीट वाच, कारण कोरियन सूपांत नावावरून काही कळत नाही. सॉल्लॉंगथांग, गोमथांग, गालबीथांग, युक्केजांग, ही चारही बीफची. नवीन वर्षाचं त्तॉकगुक, ज्यात तांदळाच्या पिठाच्या चकत्या असतात, आणि वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं मियॉकगुक, दोन्हींचा रस्सा बऱ्याचदा बीफचा. गाम्जाथांगला तर खास जप, गाम्जा म्हणजे बटाटा म्हणून आपल्याला वाटतं बटाट्याचं सूप आणि येतात डुकराच्या पाठीची हाडं. किमची ज्जिगेत बहुतेक वेळा पोर्क असतं. तुझ्यासाठी चांगलं म्हणजे साम्गेथांग, अख्खी छोटी कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, जिनसेंग आणि लसूण, थंडीत ह्याच्यासारखं सुख नाही, आणि मोड आलेल्या सोयाबीनचं कोंगनामुलगुक, सुक्या माशाचं बुगॉगुक. सोयाबीनच्या पेस्टचं द्वेनजांग ज्जिगे शक्यतो सुक्या मांदेलीसारख्या छोट्या माशांच्या पाण्यात करतात, तरी मांस घातलंय का ते विचार. "सोगोगीनुन मोन् मॉगॉयो", मला बीफ चालत नाही, आणि "त्वेजीगोगी" म्हणजे पोर्क, हे दोन आताच पाठ कर. आणि हे टेबलावर बसल्यावर सांगू नकोस, ट्रेनिंगचं शेड्यूल येईल तेव्हाच ज्यांच्याकडे सगळी व्यवस्था असेल त्यांना मेल टाक. आयत्या वेळी सूप न खाता ठेवलं तर सरांना फार लागेल, आधी कळवलं तर ते स्वतः तुझ्यासाठी हॉटेल शोधतील. जपानचं साधं मिसो सूप बहुतेक कोंबू शेवाळ आणि सुक्या बोनिटो माशाच्या पाण्यात करतात, तुला चालेल, पण पूर्ण शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवा, नुसता टोफू दिसला म्हणून ते शाकाहारी होत नाही, बौद्ध मंदिरांची शोजिन पद्धत वेगळी, तिथे कोंबू आणि मशरूमचं पाणी असतं.

नागोयाचं एक राहिलं. त्या भागातलं मिसो लालसर काळं असतं, जवळच्या ओकाझाकीचं हाच्चो मिसो, नुसत्या सोयाबीनचं, दोन-दोन वर्षं मुरवलेलं, चव कडक, पहिल्या घोटाला दचकशील, तिसऱ्या घोटाला आवडेल. तुला बहुतेक मिसो-निकोमी उदोन खायला नेतील, मातीच्या भांड्यात उकळत येतात जाड नूडल्स. इथे वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेव, ते भांडं उचलायचं नाही, हात पोळेल, आणि झाकणाला वाफेचं भोक नसतं, का तर ते झाकण उलटं करून हातात धरायचं आणि त्यात दोन-दोन नूडल्स काढून गार करून खायच्या, तिथली माणसं तसंच खातात. रस्सा उडतो, पांढरा शर्ट घालू नकोस, एप्रन देतात तो बांध. आल्यावर नक्की लिही, साम्गेथांग कसं लागलं ते मला ऐकायचंय.

तुझी ताई